सवड कोणाच्या वाट्याला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर रात्रशाळेत शिकवले. दिवसपाळी करून आलेली माणसे त्यांच्यापुढे बसत. डोळ्यांवर झोप आणि हातात पाटी. त्यांच्या नावाने बोलायला उभे राहायचे म्हटल्यावर मला एकच विषय सुचला, कष्टकऱ्याची सवड. संयोजकांनी पत्रात लिहिले होते की निर्मिती, राजकारण, पैसा आणि रोजचे जगणे यांवर थोडे मोकळेपणाने बोला. या चारही गोष्टींचा हिशेब, माझ्या मते, शेवटी एकाच ठिकाणी लागतो. माणसाच्या हातात त्याचे स्वतःचे किती तास उरतात, तिथे.

कलेबद्दल बोलताना आपण काय बोलतो? प्रतिभा, साधना, घराणे, संस्कार. कलावंताचा गुरू कोण, त्याच्या घरात पुस्तके होती का, लहानपणी त्याने काय ऐकले, याची आपण बारकाईने चौकशी करतो. तो रोज कामावरून किती वाजता सुटत होता, हे कोणी विचारते का? सुटल्यावर त्याच्या अंगात किती त्राण उरत होते, हे विचारते का? मला वाटते, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. सवड काहींना वारशाने मिळते. बाकीच्यांना ती भांडून मिळवावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य माणसांना ती भांडूनच मिळालेली आहे. कोणी भांडून मिळवली, मिळाल्यावर तिचे काय केले, आणि आज ती कुठे चालली आहे, एवढेच मी आज बोलणार आहे.

सुरुवात रविवारापासून करू.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांत ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढची तीस वर्षे गिरण्या वाढत गेल्या. कामाची वेळ कोणती? उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. आठवड्याच्या सुट्टीचा नियम नव्हता. 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा आला, तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये आणि बारापर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून जास्त राबवू नये, असे त्यात होते. सात वर्षांचे मूल नऊ तास गिरणीत, आणि ही त्या काळची सुधारणा! मोठ्या माणसांबद्दल कायदा गप्प होता.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. गिरणीत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे आतले सगळे माहीत. 1884 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातल्या मागण्या आज ऐका. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला, तो बरा होईपर्यंत, काहीतरी मिळावे.

पाच मागण्या, आणि त्यातल्या पहिल्या तिन्ही वेळेबद्दलच्या. पगारवाढीचा शब्द नाही. पोटाला चिमटा बसत असताना त्या माणसांनी आधी वेळ मागितला, याचे मला फार मोल वाटते. आपले काय हिरावले जात आहे हे त्यांना नेमके कळले होते.

सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. 1890 साली दहा हजारांच्या सभेत दोन बाया उभ्या राहून बोलतात, तेही सुट्टी मागायला! त्यांची भाषणे हाती लागली असती तर आपल्या पाठ्यपुस्तकांत ती पहिल्या पानावर हवी होती. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. लोखंड्यांनी मालकांना हे कारणही दिले होते, असे सांगतात. इंग्रजांच्या प्रार्थनेचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला.

सुट्टीच्या या लढ्याच्याच काळात मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून जो संप केला, त्यामागेही लोखंडेच होते. म्हणजे वेळेसाठी लढणारा माणूस आणि बाईच्या अब्रूसाठी लढणारा माणूस एकच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी कामगार चळवळ आणि समाजसुधारणा यांची दोन वेगवेगळी प्रकरणे पाडली आहेत. लोखंड्यांच्या आयुष्यात ते प्रकरण एकच होते.

आता पुढचे ऐका, कारण इथे यंत्र येते. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. त्याआधी अंधार पडला की काम थांबवावेच लागे. सूर्य मावळणे हाच कामगाराचा कायदा होता. दिवे आले आणि पाळी चौदा-पंधरा तासांपर्यंत गेली. दिवा वाईट होता का? मुळीच नाही. त्याच दिव्याखाली रात्रशाळा भरल्या, त्याच दिव्याखाली नाटके झाली. पण नवे यंत्र आले की त्यातून वाचलेला किंवा वाढलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, भांडून किंवा भांडायला कोणी नसल्यामुळे. ही गोष्ट मनात असू द्या.

त्यानंतर तास उतरत गेले. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांचा केला. 1922 मध्ये तो अकरा तासांवर आला, 1934 मध्ये दहा तासांवर आणि 1946 मध्ये नऊ तासांवर, आठवड्याला 48. त्या आधीची चार वर्षे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि आठ तासांच्या दिवसाचा आग्रह त्यांनी धरला होता. पस्तीस वर्षांत तीन तास! किती संप, किती लाठ्या, किती तुरुंग. 1928 चा संप एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर होती. गावाकडून शिधा आणून, भांडी गहाण टाकून दिवस काढले. त्यातून दिवसाला मिनिटामिनिटाने ही सवड जमा झाली.

मग त्या सवडीचे काय केले?

गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, वरळी, चिंचपोकळी. दहा बाय बाराच्या खोल्या. त्यालाच गाळा म्हणायचे. एकेका गाळ्यात पंधरा-वीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणावर पडायचा. बायकामुले गावी, कोकणात नाहीतर घाटावर. जेवण खानावळीत. महिन्याला गावी मनीऑर्डर. सोयी काय होत्या, तर काहीच नाही. जागा नाही, एकांत नाही, शांतता तर मुळीच नाही. कलेला एकांत लागतो असे आपण म्हणतो. गिरणगावाला एकांत कधी मिळालाच नाही.

आणि तरीही तिथे काय काय झाले! कोकणातले नमन-खेळे, शक्तीतुरा, दशावतार. घाटावरचे भजन, पोवाडा, लेझीम, वगनाट्य. चाळीचाळीत नाट्यमंडळे. साच्यावर आठ तास उभा राहिलेला माणूस रात्री चाळीच्या गच्चीवर लुगडे नेसून नायिकेची भूमिका बसवायचा, कारण मंडळात बाई नसायची. नकला बसवायचा, पेटी शिकायचा. परळला 1922 मध्ये दामोदर नाट्यगृह उभे राहिले. ना. म. जोश्यांनी 1911 मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे ते काम. कामगाराला राहायला खोली नव्हती, पण नाटक करायला नाट्यगृह होते, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. कामगार रंगभूमी म्हणून मराठी नाटकात जो मोठा प्रवाह आहे, तो असा वाहिला. पुढे सरकारने 1953 चा कामगार कल्याण निधीचा कायदा केला, केंद्रे निघाली, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. सरकारने काही केले तर ते म्हणायला संकोच नको. ते चांगले केले.

अण्णा भाऊ साठ्यांचे उदाहरण सगळे देतात. मी त्यातली एकच बाजू सांगतो. वाटेगावचा मुलगा, दीड दिवसाची शाळा, मुंबईत कोळसे वेचले, गिरणीत काम केले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी सुरुवातीला पोवाडा रचला तो कशावर? डासांवर. वस्तीत डासांनी जीव नकोसा केला होता, त्यावर. ही निर्मिती की राजकारण? की रोजचे जगणे? कुठे रेघ मारणार? वस्तीतल्या माणसांना तो पोवाडा ऐकताना आपण गाणे ऐकतो आहोत की तक्रार मांडतो आहोत, असा प्रश्न पडला नसेल. 1944 मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी मैदाने गाजवली, ते आपण जाणतो. पण ते मैदान भरायचे कशाने? शाहिराच्या आवाजाने, हे खरेच. आणि पाळी संपवून आलेल्या हजारो माणसांच्या एकाच वेळच्या मोकळ्या संध्याकाळीने. शाहीर एकटा काय करील?

नारायण सुर्व्यांचेही तसेच. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले मूल घरी आणले, आपले नाव दिले, शाळेत घातले. त्या मुलाने पडेल ते काम केले, शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला, आणि 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले. मराठी कवितेत कारखाना, संघटना, पगार, चाळ पहिल्यांदाच इतक्या सहज बोलू लागली. सुर्वे 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मला विचाराल तर त्या अध्यक्षपदाचा रस्ता महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निघालेला आहे.

इथे मला थांबून एक आक्षेप स्वतःच घेतला पाहिजे, कारण समोर बसलेल्या ताई-माईंच्या चेहऱ्यांवर तो मला दिसतो आहे. हे सगळे पुरुषांचे झाले. बाईचा रविवार कुठे आहे?

1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. तिची पाळी संपली की घरची पाळी सुरू. आणि गिरणीत नसलेल्या बाईचे काय? खानावळ चालवणारी बाई पहाटे चारला उठायची, कारण दिवसपाळीवाल्याचा डबा सहाच्या आत जायला हवा. रातपाळीवाला सकाळी येऊन जेवायचा. भोंगा गिरणीत वाजायचा आणि त्याची सक्ती तिच्या चुलीवर असायची. संप झाला तर उधारी तिच्यावर, पगार झाला तर आधी सावकार तिच्या दारात. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. नाट्यमंडळातला तो नायक संध्याकाळी तालमीला जाऊ शकला, कारण त्याची भाकरी कोणीतरी भाजून ठेवली होती. त्याची सवड तिच्या तासांतून आलेली होती. कामगार रंगभूमीच्या इतिहासात खानावळवाल्यांचे एक प्रकरण नको का?

मग बाईने निर्मिती केलीच नाही का? केली, आणि अफाट केली. जात्यावर केली. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. एक लाख! सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सीता, आंबेडकर, दुष्काळ, सगळे त्यात आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरोट्यावर त्यांचे शब्द जुळले, ते लेकाने आणि नात्यातल्या भावाने लिहून ठेवले, आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले.

आता माझ्या मांडणीला इथे अडचण येते. या बायकांना सवड कुठे होती? पहाटे दळण, मग पाणी, मग शेत. सवडीवाचून निर्मिती झाली की! मी यावर पुष्कळ दिवस विचार करतो आहे. मला जे उत्तर मिळाले ते असे. जात्याची गती बाईच्या हातात होती. तिला हवे तसे ते हळू फिरे, हवे तेव्हा थांबे, समोर दुसरी बाई बसलेली असे, ती ओवी उचलून पुढे नेई. काम जड होते, पण कामाचा ठेका तिचा होता. गिरणीतल्या साच्याची गती कामगाराच्या हातात नव्हती, आणि साचेखात्यातल्या आवाजात शेजारच्याचे बोलणेसुद्धा ऐकू येत नसे, तिथे गाणे कसले? म्हणून गिरणी कामगाराला कामाबाहेर सवड हवी होती. निर्मितीला एकतर कामात स्वतःची गती हवी, नाहीतर कामाबाहेर स्वतःचा वेळ हवा. दोन्ही नसेल तर काय उरते?

जाते गेले, पिठाची गिरणी आली. फार बरे झाले. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या आज्यांचे हाल आठवले की जाते परत यावे असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही, मला तर नाहीच. पण दळणाचे ते दोन तास वाचले, त्या जागी बाईला स्वतःचे दोन तास मिळाले का? केंद्र सरकारने 2019 मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते 97 मिनिटे. 2024 मध्ये पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटे 289 झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे. आणि पुरुषांची? ती वाढली असतील असे वाटेल. ती 88 झाली. गॅस आला, मिक्सर आला, काही घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले, आणि अजून जवळजवळ पाच तास. विजेच्या दिव्याची गोष्ट मनात ठेवा म्हणालो होतो ती यासाठी.

आता शेवटच्या भागाकडे येतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त छळतो.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच्या कारणांवर आणि चुकांवर वेगळी व्याख्यानमाला होईल. मी जागेबद्दल बोलतो. गिरण्यांच्या ताब्यात मुंबईच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियमावलीत ठरले की गिरणीची जमीन विकायला काढली तर तिचे तीन भाग करायचे. एक भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक भाग घरांसाठी म्हाडाला, एक भाग मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर बांधकाम उभे होते ती वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. नियमातली दोन-चार वाक्ये बदलली आणि एका शहराच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संध्याकाळी गेल्या. त्या जमिनीवर मैदाने झाली असती, घरे झाली असती, चालत कामाला जाणारी माणसे राहिली असती. त्याऐवजी माणसे विरार, कल्याण, बदलापूरला गेली आणि रोजचे तीन-साडेतीन तास लोकलला लटकून देऊ लागली. कायद्याने पस्तीस वर्षांत दिलेले तीन तास प्रवासाने परत घेतले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे मी सांगायला नको, घर कसे आतून मोडते ते त्यांनी पाहिलेले आहे. दामोदर नाट्यगृहही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, आणि त्याविरुद्ध कलावंतांना आंदोलन करावे लागले.

मुंबईतले काम गेले कुठे? बरेचसे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर. तिथे बारा तासांची पाळी. म्हणजे पुन्हा 1911.

पण मालेगावची एक गोष्ट सांगतो, मला ती अतिशय प्रिय आहे. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. सगळे माग, एकाच दिवशी. त्या दिवशी मागवाले सिनेमाला जातात. तिथे छोटे व्हिडिओ थिएटर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास गावातलीच माणसे घेऊन स्वतःचा ‘शोले’ काढला. ‘मालेगाव के शोले’. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातले मळे, गावातलेच कपडे. गाव लोटले. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन केला, आणि तो उडणारा नायक कोण होता? यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख, अंगाने काटकुळा. बारा तास मागापुढे उभा राहणारा माणूस गावाच्या आभाळात उडाला. फैजा अहमद खान यांनी त्यावर केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला. शफीक पुढे कर्करोगाने फार लवकर गेला. लोक म्हणतात, काय जिद्द, काय वेड! खरेच आहे. पण मला त्यातला शुक्रवार दिसतो. सगळ्या गावाला एकाच दिवशी सुट्टी होती, म्हणून पाहायला गाव होते. गाव होते म्हणून सिनेमा होता.

आणि इथे मला जे सर्वांत ठासून सांगायचे आहे ते येते. सवड एकेकट्याला मिळून पुरत नाही. ती चारचौघांना एकाच वेळी मिळावी लागते. भजनाला टाळकरी लागतात, नाटकाला तालीम लागते, सभेला समोर माणसे लागतात. लोखंड्यांनी कामगारांसाठी वर्षाला बावन्न सुट्ट्या मागितल्या नव्हत्या. त्यांनी रविवार मागितला, सगळ्यांचा एक दिवस.

म्हणून अलीकडच्या बातम्या मी काळजीने वाचतो. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले. त्यांनी मोठा उद्योग उभा केला, त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्यांचा तरुण घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करते, हा प्रश्न त्या हिशेबात नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा 48 च राहील, जादा कामाचे दुप्पट पैसे मिळतील, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगितले गेले. चार दिवस बारा-बारा तास आणि तीन दिवस मोकळे, असेही होऊ शकते, कोणाला ते सोयीचेही वाटेल. हे मी नाकारत नाही. पण दारात दुसरे दहा जण उभे असताना संमतीच्या कागदावर सही न करण्याची मोकळीक किती जणांना असते? आणि बारा तास राबून आलेला माणूस त्या संध्याकाळी मुलाशी तरी बोलू शकतो का? तो फोन काढतो, रील बघतो. आपण म्हणतो, पिढी वाया गेली. अहो, थकवा काढणे वेगळे आणि सवड वेगळी! थकलेल्या माणसाला फक्त बघता येते. करायला अंगात काहीतरी शिल्लक राहावे लागते.

शेवटी, या सभागृहाच्या बाहेर आत्ता मोटरसायकलवर पाठीला पिशवी अडकवून जे तरुण उभे आहेत त्यांच्याबद्दल. घरपोच जेवण पोचवणारी ही मुले. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. त्यांचे तास कोणी मोजत नाही, कारण मोजायचे काय हेच ठरलेले नाही. ऑर्डरची वाट पाहत हॉटेलबाहेर काढलेला तास कामात धरायचा की विश्रांतीत? त्या तासाला पैसे नाहीत, आणि त्या तासात त्याला घरीही जाता येत नाही. त्याची सुट्टी कोणत्या वारी, हे फोनमधला हिशेब ठरवतो, आणि त्याच्या शेजारच्याची सुट्टी त्याच वारी नसते. आपण मात्र रविवारी घरी बसून मागवतो, म्हणजे आपला रविवार हा त्याचा सर्वांत जास्त कामाचा दिवस. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची निदान व्याख्या केली, 2023 मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी पहिला राज्य कायदा केला. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण या कायद्यांचा भर कल्याण निधीवर आहे, तासांवर नाही.

म्हणून या व्यासपीठावरून, इथे बसलेल्या वकील मंडळींना, कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांना आणि विशेषतः या मुलांमधले जे कोणी आज आत येऊन बसले असतील त्यांना माझी विनंती आहे. 1884 च्या अर्जासारखा एक अर्ज आज लिहायला घ्या. मागण्या मी सुचवतो, तुम्ही दुरुस्त करा. फोनवर हजर असलेला प्रत्येक तास कामाचा धरावा. दिवसाच्या तासांना मर्यादा असावी आणि ती ओलांडली की कामे येणे आपोआप बंद व्हावे. आठवड्यातून एक दिवस, शहरातल्या सगळ्यांना एकच, सुट्टी असावी, आणि त्या दिवशी आपल्या घरचे जेवण आपण रांधावे, घरातल्या पुरुषांनीही. उन्हात आणि पावसात थांबायला सावली, पाणी आणि संडास असावा. कोणाला अपघात झाला तर तो बरा होईपर्यंत त्याच्या घरी पैसे पोचावेत. ही पाचवी मागणी लोखंड्यांच्या अर्जातली आहे, तशीच्या तशी. अर्जाचा मसुदा करायला जे थांबू शकतील त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत यावे. मी तिथे आहे.